मांड, मेर आणि गणसंख्या : एका वाड्याच्या वनहक्क दाव्याचं प्रकरण

पंचायतीच्या टपालात उपजिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून एक पाकीट येतं. आत उपविभागीय समितीचं दोन ओळींचं पत्र: ठराव झाला त्या ग्रामसभेला पुरेशी गणसंख्या नव्हती, सबब दावा फेरविचारासाठी परत. खाली दाव्याची कागदपत्रं, जशी पाठवली तशीच, टाचणीसकट. दाव्यात देवराई, मांड (सण-खेळांसाठी देवाला वाहिलेली जागा), मसण, दोन झरी आणि गुरं चारायचा माथा, मिळून साधारण 85 हेक्टर. हे सगळं वाड्याचं आहे की नाही, याबद्दल पत्रात चकार शब्द नाही.

हा वाडा नकाशावर शोधू नये. सांगे, केपे, काणकोण, धारबांदोडा आणि सत्तरी या तालुक्यांत वनहक्काच्या दाव्यांवर जे जे गुदरतं ते एका ठिकाणी आणून हे प्रकरण बेतलं आहे. वाड्याचे आकडे हिशेब कळण्यापुरते. कायदा, नियम आणि तारखा मात्र खऱ्या. वाडा असा: नेत्रावळी अभयारण्याच्या कडेला 62 घरं, बहुतेक वेळीप आणि गावडा. वर माथ्याजवळ सात घरं गवळी-धनगरांची. पंचायत खाली हमरस्त्याला. तिच्या हद्दीत असे आठ वाडे आणि 2,400 प्रौढ माणसं.

गावडा, कुणबी आणि वेळीप यांना गोव्यात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो 2003 साली. वनहक्क कायदा 2006 चा, अंमल 31 डिसेंबर 2007 पासून, नियम 1 जानेवारी 2008 चे, आणि त्या नियमांत महत्त्वाची दुरुस्ती सप्टेंबर 2012 मध्ये. गोव्यात राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचं आदिवासी क्षेत्र नाही, त्यामुळे अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथं लागू नाही. आदिवासी गावाच्या हातात जे काही आहे ते याच कायद्यातून. 25 मे 2011 ला बाळ्ळीला आदिवासींच्या आंदोलनात दोन तरुणांचा जीव गेला, तेव्हाच्या मागण्यांतही वनहक्क होता. पुढे गोव्यात दाखल झालेल्या दाव्यांची संख्या दहा हजारांवर गेली, पण त्यांतले सामूहिक दावे चारशेच्या आतच. म्हणजे लोकांनी आपापल्या काजूच्या तुकड्यासाठी अर्ज केले. गावाचा म्हणून जो डोंगर, तो बहुतेक ठिकाणी कुणी मागितलाच नाही. 24 जुलै 2023 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं म्हादई परिसर व्याघ्र राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित करायला सांगितलं, तेव्हा तिथल्या वननिवासींचे हक्क 12 महिन्यांत निश्चित करायचाही आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण तारखा न्यायालयानं दिल्या तरी काम शेवटी पंचायतीच्या वहीत होतं, आणि तिथंच ते अडतं.

आधी एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण पंच मंडळीसुद्धा तो छातीठोकपणे सांगतात: अभयारण्यात हक्क मिळत नाही. नेत्रावळी आणि म्हादई ही अभयारण्यं 1999 ची. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत वनजमीन म्हणजे कोणतीही वनजमीन, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान धरून. आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही, हे कलम 4(5) मध्ये आहे. कोमुनिदादीची (जुन्या गावकीची) किंवा खासगी मालकीची जमीन असेल आणि ती वन नसेल, तर मात्र हा कायदा तिथं चालत नाही. म्हणून पहिलं काम, मांड आणि देवराई ज्या सर्व्हे क्रमांकांत येतात त्यांचे एक-चौदाचे उतारे (गोव्यातले सात-बारासारखे जमिनीचे उतारे) आणि सर्व्हे प्लान काढणं. आपल्या वाड्यात ते आधी केलं होतं. सगळं वनखात्याच्या नावावर निघालं.

आता गणसंख्या. नेहमीची पंचायत ग्रामसभा कितीतरी कमी हजेरीवर चालते. सचिवाला तीच सवय. सामूहिक दाव्याचा ठरावही अशाच एका रविवारच्या ग्रामसभेत, गटार आणि कचऱ्याच्या विषयांनंतर, हात वर करून संमत झाला. वहीत 137 सह्या. वनहक्काच्या ग्रामसभेला मात्र वेगळी गणसंख्या लागते: सभासदांच्या निम्म्याहून कमी नाही, हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बायका, आणि दाव्यांवर ठराव असेल तर दावेदारांपैकी निम्मे किंवा त्यांचे प्रतिनिधी. 2,400 चे निम्मे 1,200. पंचायतीच्या सभागृहात दीडशे खुर्च्या. हे गणित आठ वाड्यांच्या एकत्र सभेत कधीच सुटणार नाही, मग कितीही दवंडी पिटा.

सुटतं ते नियम 2-क मुळे, आणि गोव्यात तो फारसा कुणी वापरत नाही. त्यात म्हटलंय की पंचायतीनं आपल्या हद्दीतल्या वाड्या-वस्त्यांची यादी करायची, त्या त्या वस्तीची सभा घेऊन ती मंजूर करून घ्यायची, पंचायतीच्या ठरावानं ती उपविभागीय समितीकडे पाठवायची. मग या कायद्यापुरतं तो वाडा हेच गाव, आणि वाड्याची प्रौढ माणसं हीच ग्रामसभा. आपल्या वाड्यात धनगरांच्या घरांसह 237 प्रौढ. निम्मे 119, त्यांत बायका किमान 40. एवढी माणसं जमतात. शिगम्याला तर याच्याहून जास्त जमतात.

पण यादी कशावरून करायची? सरळ मतदारयादी उतरवली की दोन्हीकडून फसगत. तिच्यात वारलेली माणसं असतात, म्हणजे एकूण आकडा फुगतो आणि निम्मेही फुगतात. उलट नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं अजून माहेरच्या यादीत, त्यामुळे ज्या बायका रोज इथल्या झरीवर पाणी भरतात त्यांना सभासदच धरत नाहीत. मार्ग कंटाळवाणा आहे: घरोघर फिरून 18 वर्षांवरच्या प्रत्येकाचं नाव, घर क्रमांक आणि जमात अथवा इतर पारंपरिक वननिवासी अशी नोंद. दोन मुली आणि एक वही घेऊन तीन संध्याकाळी लागतात. हीच यादी पुढे क-नमुन्याला, म्हणजे सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याच्या अर्जाला, जोडायची असते, म्हणून काम दोनदा होत नाही.

हजेरीपटाला तीन रकाने: नाव, सही किंवा अंगठा, स्त्री की पुरुष. तिसरा रकाना नसेल तर एक तृतीयांश मोजणार कशी? आणि नवऱ्यानं बायकोपुढे सही ठोकायची जी पद्धत आहे ती इथं महागात पडते. एकाच वळणाच्या दोन सह्या वरच्या समितीतल्या कारकुनाला लगेच दिसतात.

तारीख निवडताना पंचांग आणि काजू दोन्ही बघावे लागतात. फेब्रुवारी ते मे अर्धा वाडा पहाटेपासून डोंगरावर बोंडू गोळा करत असतो, संध्याकाळी भाटीपाशी. जून-जुलैत पेरणी-लावणी. दिवाळीनंतर ते पौष संपेपर्यंतचा काळ बरा. पौषात बायका रात्री धालोसाठी, म्हणजे त्यांच्या नाच-गाण्यासाठी, मांडावर जमतातच, तेव्हा निरोप घरोघर पोचतो. तरी ग्रामसभा मांडावर घेऊ नये. याची कारणं जरा सविस्तर सांगायला हवीत, कारण संस्कृतीच्या प्रेमापोटी हीच चूक सगळ्यात आधी होते.

मांड म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे. शेणानं सारवलेली, ठरलेल्या मापाची, देवाला वाहिलेली जमीन. तिथं चपला नाहीत. विटाळाच्या दिवसांत बाई मांडाकडे फिरकत नाही. धालोच्या रात्री पुरुषांना मज्जाव. कोण कुठपर्यंत येणार याचे संकेत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले, आणि या वाड्यात वरचे धनगर मांडाच्या कडेला उभे राहतात, आत येत नाहीत. देवकार्यासाठी हे संकेत वाड्यानं पाळावेत की बदलावेत, ते वाडा ठरवील. पण ग्रामसभा हे देवकार्य नव्हे. तिथं 237 पैकी एकालाही उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागलं, तर गणसंख्या कागदावर भरूनही ठराव लंगडा. पहिल्या बैठकीत जल्मींनी, म्हणजे वाड्याच्या पुजाऱ्यांनी, हौसेनं मांड सुचवला होता. सभा झाली ती प्राथमिक शाळेच्या पडवीत. शाळेत सगळे जातात.

पुराव्याचं कोडं याहून रंजक. क-नमुना हा सामूहिक वनसंपत्तीचा दावा. त्यात गावाच्या पारंपरिक सीमेचा नकाशा, खाणाखुणा, लागून असलेली गावं आणि पुरावे मागतात. नियम 13(2) मध्ये सामूहिक हक्काचे पुरावे कोणते ते लिहिलंय: चराऊ रानं, कंदमुळं आणि रानफळं गोळा करायच्या जागा, पाण्याचे उगम, वैदूंच्या औषधी झाडांच्या जागा, पवित्र झाडं, देवराया, तळी, दहन-दफनाच्या जागा. एकाहून जास्त पुरावे विचारात घ्यायचे, असाही नियम. पोर्तुगीज अमदानीतला कागद हवाच, असं कुठंही नाही. पण वाड्यातल्या माणसाला पुरावा म्हटलं की कागद आठवतो. तो तिजोरीत बघतो. खरा पुरावा जल्मीच्या तोंडात असतो.

शिगम्याला आणि पेरणीआधी जल्मी गाऱ्हाणं घालतो. त्यात देवतांची नावं मनाला येतील तशी येत नाहीत, क्रम ठरलेला. आधी सातेरी, म्हणजे वारूळ. मग व्हाळाच्या तोंडचा राखणदार, किंदळीखालचा पाईक, पावलांच्या कातळावरचा देवचार, वरच्या झरीकडची जागा, आणि फिरून मसणाच्या मेरेवर, म्हणजे हद्दीवर. एवढी नावं एका दमात घेऊन तो पुन्हा सातेरीकडे येतो. हा क्रम कागदावर उतरवला आणि प्रत्येक नावापुढे जागा मांडली की हळूहळू लक्षात येतं: जल्मी मेर चालतोय. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या सीमेची तोंडी मोजणी. वाड्याच्या वनहक्क समितीनं हाच क्रम धरून चालत फेरी केली. सहा थांबे, साडेचार तास. प्रत्येक थांब्यावर फोनच्या जीपीएसनं तीन वाचनं घेतली, कारण दाट झाडीखाली एकच वाचन दहा-पंधरा मीटर चुकू शकतं. सोबत कायमची खूण लिहिली: किंदळीच्या बुंध्याचा घेर, कातळावरचा खळगा, व्हाळाची कुठली बाजू. जीपीएसचा आकडा बिघडला तरी कातळ हलत नाही.

या फेरीला फक्त पुरुष गेले असते तर नकाशा पोकळ राहिला असता. पुरुषांना मेर माहीत, आतलं रान बायकांना. दुसऱ्या दिवशी बायकांची फेरी झाली आणि नकाशात अकरा जागा वाढल्या: बांबूचे कोंब काढायचं बन, भिरंडीची (कोकमाची) सोळा झाडं, तेफळांची कड, काणग्याच्या कंदांची जुनी जागा जिथं पूर्वी कुमेरी (डोंगरावरची फिरती शेती) होत असे, आणि पहिल्या पावसानंतर रोयणीची अळमी (रानातली भूछत्रं) उगवतात त्या वारुळांचा उतार. सातेरी पुजणाऱ्या गावात वारूळ फोडत नाहीत, म्हणून अळमी टिकतात. देव, अन्न आणि हक्क एकाच ढिगाऱ्यावर. अशा जागांची नोंद ब-नमुन्यात, म्हणजे सामूहिक वापराच्या हक्कांच्या अर्जात, सामूहिक हक्क म्हणूनही होते, आणि क-नमुन्याच्या नकाशातही लागते.

वृद्धांचे जबाब हा आणखी एक पुरावा, पण त्यात खोच आहे. नियम म्हणतो जबाब दावेदारांव्यतिरिक्तच्या वृद्धांचा, लेखी. क-नमुन्यात तर अख्खा वाडाच दावेदार. मग वाड्यातल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांचा जबाब घेतला की कुणीतरी बोट ठेवणारच. अशा वेळी बघायचं ते वाड्यातून बाहेर दिलेल्या लेकींकडे. सत्तरीच्या वयाची बाई, लग्न होऊन दुसऱ्या पंचायतीत गेलेली, इथल्या ग्रामसभेची सभासद नाही म्हणून दावेदारही नाही. पण पोरवयात याच मांडावर तिनं धालो खेळलेले असतात, देवराईच्या कडेनं लाकडं आणलेली असतात. शेजारच्या गावचा जल्मीही चालतो, कारण सीमा त्याचीही आहे. जबाब ती बोलली त्याच कोकणीत, देवनागरीत लिहायचा. ‘हो वाठार देवाचो, हांगा कोयतो लायनात’ हे वाक्य इंग्रजीत ‘पवित्र क्षेत्र’ झालं की त्यातला नियम गळून पडतो: देवराईत कोयता चालत नाही, हा रूढीचा कायदा आहे, आणि नेमकं तेच सिद्ध करायचं असतं. 1987 च्या राजभाषा कायद्यानं कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचाही शासकीय कामकाजात वापर करता येतो, म्हणून इतिवृत्त इंग्रजीतच हवं हा सचिवांचा आग्रह निराधार. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवावं, अंगठ्याशेजारी दोन साक्षीदार.

किती लिहायचं याला मर्यादा हवी. देवाची जागा नकाशावर येते, देवकार्यातलं गुपित येत नाही. जल्मी जे कानात सांगतो ते कानातच राहू द्यावं. धालोच्या शेवटच्या रात्रीचे फोटो पुरावा म्हणून जोडायची टूम एका तरुणानं काढली होती. बायकांनी ती तिथंच मोडली. त्याऐवजी दिवसा रिकाम्या मांडाचा फोटो, शेजारी माप धरलेली काठी. तेवढा पुरतो.

आता वरची सात घरं. धनगर गोव्यात अनुसूचित जमातीत नाहीत. कायद्याच्या भाषेत ते इतर पारंपरिक वननिवासी, आणि त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हिशेब 1930 पर्यंत मागे जातो. इथं दोन गोष्टी माहीत असाव्यात. निकष रहिवासाचा आणि रानावर अवलंबून असण्याचा आहे. 75 वर्षं तोच तुकडा कसला पाहिजे असा नव्हे. आणि वंशावळ हाही पुरावा आहे: आजच्या माणसापासून जुन्या नोंदीतल्या नावापर्यंत साखळी. पोर्तुगीज काळातल्या जन्म-विवाहाच्या नोंदींत आजोबांचं नाव आणि गाव सापडलं तर साखळीचं दुसरं टोक मिळतं. नावांची पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं बघून गांगरू नये. एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, तेव्हा तिन्ही एकाच माणसाची असल्याचं ग्रामसभेच्या ठरावात नोंदवावं.

वाड्यातल्या काहींचं म्हणणं, मांड आमचा, देवराई आमची, त्यांची नावं कशाला? हे भांडण दडपलं तर ते पडताळणीच्या दिवशी वनखात्यासमोर उफाळतं. सुटतं ते दोन नमुन्यांच्या फरकातून. क-नमुन्यात ग्रामसभेच्या सगळ्या सभासदांची यादी लागते, नावापुढे जमात की इतर वननिवासी ते लिहून. आणि दावा करायला त्यांत अशी थोडी माणसं असली तरी पुरे, असं त्या नमुन्यातच छापलेलं आहे. म्हणून तिथं सगळे. ब-नमुन्यात मात्र कोणाचा कोणता वापर ते वेगवेगळं लिहिता येतं: माथ्यावरची चराई आणि वरच्या झरीचं पाणी धनगरांच्या नावानं, मांड आणि देवराईची रीत वाड्याच्या. असं लिहिल्यानं धनगरांना मांड मिळत नाही, पण पाणी कुणी तोडू शकत नाही. वनहक्क समितीतही, 10 ते 15 सभासदांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश बायका हे सांभाळून, धनगरांची एक बाई घेतली गेली. वरून खाली यायला तिला पाऊण तास लागतो. बैठकीची वेळ तिच्या सोयीनं ठरली, संध्याकाळची नव्हे, दुपारची.

पडताळणीचा दिवस. समितीनं वनखात्याच्या रेंज कार्यालयाला आणि मामलेदारांना लेखी पत्रं दिली, पंधरा दिवस आधी, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. या शिक्क्याची किंमत दिसते ती नंतर. पहिल्या दिवशी वनखात्याकडून कुणी आलं नाही. 2012 च्या दुरुस्तीनं हे नीट बांधलंय: कळवल्यावर अधिकाऱ्यांनी हजर राहून हुद्दा, तारीख आणि शेऱ्यासह सही करायची. गैरहजर राहून मागून हरकत घेतली तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे जातो. दुसऱ्यांदाही कुणी आलं नाही तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. पण हे सगळं ज्याच्याकडे शिक्का आहे त्याच्यासाठी. ‘फोन केला होता’ याला कागदावर अर्थ नाही.

दुसऱ्या खेपेला फॉरेस्टर आले, फेरी केली, आणि शेरा लिहिला: उपग्रह छायाचित्रात लागवड दिसत नाही, दाट जंगल दिसतं. वैयक्तिक शेतीच्या दाव्यात हा मुद्दा लागू पडला असता. इथं तो उलटा आहे. देवराई जंगलासारखी दिसते, हाच तर तिचा पुरावा. शिवाय उपग्रह छायाचित्र पुराव्याला जोड देऊ शकतं, त्याची जागा घेऊ शकत नाही, हे नियमांत लिहिलेलं आहे. समितीनं वाद घातला नाही; शेऱ्याखाली आपलं उत्तर तीन ओळींत लिहून त्याच पानावर सह्या केल्या. वाद तोंडी घालायचा आणि कागद कोरा सोडायचा, ही आपल्याकडची मोठी खोड.

मग ठराव. ‘सर्व दाव्यांना मंजुरी देण्यात आली’ अशा ठरावाचा उपयोग शून्य. निभावतो तो असा: ‘आज दिनांक अमुक रोजी प्राथमिक शाळेच्या पडवीत भरलेल्या वनहक्क ग्रामसभेस 237 पैकी 131 सभासद हजर असून त्यांत 58 स्त्रिया आहेत. वनहक्क समितीचा पडताळणी अहवाल व नकाशा वाचून दाखवण्यात आला. सोबतच्या नकाशातील सहा खुणांनी बांधलेल्या सुमारे 85 हेक्टर क्षेत्रावर कलम 3(1)(झ) खाली सामूहिक वनसंपत्तीचा दावा, जोडलेल्या पुराव्यांवरून, ग्राह्य धरण्यात येत आहे. विरोधात मते: 4. विरोधाची कारणे पान 3 वर.’ हजेरी, क्षेत्र, खुणा, कलम, मतं. विरोध लपवू नये. नोंदलेल्या विरोधानं ठराव खरा वाटतो.

दावा पुन्हा वर गेला, आणि या वेळी उपविभागीय समितीनं तो मान्य केला. वाड्यात पेढे वाटले. समितीनं केलेल्या हक्कांच्या मसुद्यात (शीर्षकपत्र पुढे जिल्हास्तरीय समितीकडून मिळतं) क्षेत्र होतं 0.4 हेक्टर: मांड आणि देवळाभोवतीची पट्टी. नमुना होता परिशिष्ट 3. हा फसवा विजय. परिशिष्ट 2 वैयक्तिक हक्काचं, 3 सामूहिक वापराचं, 4 सामूहिक वनसंपत्तीचं. परिशिष्ट 4 मध्ये राखणीचा आणि व्यवस्थापनाचा अधिकार असतो. 3 मध्ये फक्त वापराचा. वाड्यानं मागितलं होतं रान, मिळाला देवळापुढचा तुळशीचौरा. संस्कृती म्हटली की देऊळ आणि तेवढीच जागा, ही समजूत वरच्या कार्यालयात घट्ट बसली आहे. मांड देवराईशिवाय आणि देवराई झरीशिवाय उभी राहत नाही, हे तिथल्या फाइलीत मावत नाही.

क्षेत्र कमी केलं तर त्याची कारणं सविस्तर नोंदवून दावेदारांना प्रत्यक्ष कळवायला हवीत. इथं कारण नव्हतंच. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करायला 60 दिवस. पेढे वाटण्यात आठ गेले होते, पण मुदतीत अर्ज झाला. त्यात गाऱ्हाण्याच्या क्रमाचा तक्ता, नकाशा, शिक्क्याची पत्रं, आणि एक दाखला: 18 एप्रिल 2013 च्या नियमगिरी निकालात सर्वोच्च न्यायालयानं डोंगरावरच्या धार्मिक-सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला होता, आणि ओडिशातल्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. तिथं डोंगर हीच देवाची जागा धरली गेली, देवळाचा ओटा नव्हे. अर्जातली मागणी एकच होती: मसुदा दुरुस्त करून शीर्षकपत्र परिशिष्ट 4 मध्ये, नकाशातल्या पूर्ण क्षेत्रासाठी. जिल्हास्तरीय समितीनं सुनावणी ठेवली, आणि मंजूर केले 71 हेक्टर. उरलेले 14 शेजारच्या गावाच्या मेरेशी भिडत होते. तिथं दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून ठरवायचं, असा नियम आहे आणि ते बसणं अजून बाकी आहे. कुणाचा देवचार कुठल्या कातळावर, हे ठरायला तहसीलच्या मोजणीदारापेक्षा दोन्हीकडचे जल्मी लागतील.

शीर्षकपत्र कपाटात ठेवून काम संपत नाही. महसूल आणि वनखात्याच्या अभिलेखांत तीन महिन्यांत नोंद व्हायला हवी. ती आपोआप होत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात ग्रामसभेचं नाव येईपर्यंत दर महिन्याला एक स्मरणपत्र. वैयक्तिक दावे मंजूर झालेल्या घरांनी शीर्षकपत्रावर नवरा-बायको दोघांची नावं आहेत ना तेही बघावं. कायद्यानं ती हवीतच.

पुढच्याच वर्षी पंचायतीकडे लोककलेच्या संवर्धनासाठी निधी आला. प्रस्ताव: मांडावर लोखंडी शेड आणि खाली पेव्हर ब्लॉक. कायद्याच्या कलम 3(2) मध्ये गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन वळवता येते, हेक्टरी 75 झाडांची मर्यादा पाळून, आणि सोयींच्या यादीत सामूहिक केंद्रही आहे. म्हणजे कागद बिनचूक होता. फक्त ग्रामसभेची शिफारस हवी. पुन्हा शाळेची पडवी, पुन्हा तीन रकान्यांचा हजेरीपट, 124 सह्या, त्यांत 61 बायकांच्या. पुरुष बोलून झाल्यावर एका म्हातारीनं विचारलं, ब्लॉकवर अनवाणी नाचायचं कसं, आणि सारवायचं कुठं? मग वरच्या धनगर बाईनं सांगितलं, शेड हवीच असेल तर शाळेच्या मागं घाला, पावसात आमची पोरं तिथं थांबतील. ठरावात जागा बदलली: मांडापासून साठ पावलं खाली, शाळेच्या कुंपणाला लागून. मांड मातीचाच.